कोपऱ्यातला आकडा

"एकदम दहा-दहा व्हिडिओ पाठवलेत तर देवसुद्धा उघडून बघायचा नाही," शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी किल्लीवाल्याच्या बायकोच्या हातातून फोन काढून घेतला.

ग्रुप तीनच माणसांचा. नवरा, बायको आणि मुलगी. गेले चौदा महिने त्यात बोलत होती ती एकटी आई. सकाळी फुलं, दुपारी मांजरं, संध्याकाळी पाठदुखीवरचे उपाय. मुलीकडून हूं नाही की चूं नाही. पण ती ग्रुप सोडूनही गेली नव्हती, आणि आई तेवढ्यावर तग धरून होती.

चौदा महिन्यांपूर्वी मुलीनं बापाचं दुकान चालवायला नकार दिला आणि मालवाहू जहाजावर नोकरी धरली. "गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस," बाप म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं घराचं कुलूप बदललं. जातीचा किल्लीवाला, त्याला कितीसा वेळ लागणार? किल्ल्या मात्र दोनच केल्या.

"एकच पाठवा, पण तिच्या आवडीचा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि पाठवून मोकळ्या होऊ नका. बरोबर बसून बघा."

त्यांनी युक्ती दाखवली. ग्रुपवर लिंक टाकायची. ती उघडली की सगळ्यांना एकाच वेळी तोच व्हिडिओ दिसतो. कोण बघतंय ते कळत नाही. किती जण बघतायत तेवढा आकडा कोपऱ्यात येतो.

"नाव दिसत नाही?" आईचा चेहरा पडला.

"तेच बरं. रुसलेल्या माणसाला चोरपावलांनी यायला जागा लागते."

गंजक्या वस्तू घासून नव्या करणारा एक मुखदुर्बळ माणूस होता. मायलेकी त्याचे व्हिडिओ जेवण विसरून बघायच्या. आईनं तोच धरला. रोज दुपारी चारला लिंक टाकायची आणि शिलाई मशीनपाशी बसायचं. सात दिवस कोपऱ्यात नुसता एक, म्हणजे ती स्वतःच. आठव्या दिवशी तिथं दोन झाले.

तिच्या हातातली सुई पडली. लिहावंसं खूप वाटलं, पण तिनं बोटं आवरली. पाखरू अंगणात आलं की टाळ्या वाजवायच्या नसतात. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारी एक रिकामी खुर्ची ओढून ठेवू लागली. पोरीची इतकी आठवण यायची की गंजका चाकू घासला जाताना तिला रडू फुटायचं, आणि त्या रडण्यातही बरं वाटायचं.

"ती येते हं रोज बघायला," एकदा जेवताना तिनं सांगून टाकलं.

"मला त्या डबड्यात काडीचा रस नाही," नवरा म्हणाला आणि न मागता आणखी भात वाढून घेतला.

असे तीन आठवडे गेले. मग एके दिवशी तिनं मुद्दाम एका गंजलेल्या कुलपाचा व्हिडिओ निवडला. पोर बापाच्या मांडीवर बसून कुलपं उघडायला शिकली होती. चार वाजले, कोपऱ्यात दोन आले. आई सुखावून टेकली, आणि तिचं लक्ष फळीवर गेलं. नवरा रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी विसरून गेला होता.

डबी घेऊन ती निघाली, फोन मात्र मशीनपाशी चालूच ठेवला. पोरीला एकटं वाटायला नको.

दुकान दोन गल्ल्या पलीकडे. किल्ल्या कापायचं यंत्र बंद होतं, शटर अर्धं ओढलेलं. आतून खरखर येत होती. लोखंडावर घासकागद. आत्ता घरी ऐकत होती तोच आवाज. ती वाकून आत शिरली. नवरा किल्ल्यांच्या जुडग्याला फोन टेकवून त्यात डोकं घालून बसला होता.

एक आपण आणि एक हे. पोर कधी आलीच नव्हती. तीन आठवडे आपण रिकाम्या खुर्चीला माया लावली.

"तीन आठवडे!" तिचा आवाज फाटला. "तीन आठवडे मला वेड्यात काढलंत हो तुम्ही!"

तो चोरी पकडल्यासारखा उठला. "कसले तीन आठवडे? आज पहिल्यांदा उघडलं. कुलूप दिसलं म्हणून. आणि बघ ना हा गाढव, तेल कुठून सोडतोय!"

"खोटं बोलू नका."

"तुझी शपथ." तो खाली बघत राहिला. "तू म्हणतेस ती येते, म्हणून म्हटलं... तिच्याबरोबर थोडा वेळ बसावं."

ती मटकन स्टुलावर बसली. त्यानं तिच्या हातातून गोळ्यांची डबी घेतली आणि फोन तिच्यापुढे धरला.

"पण हे काय गं? मघापासून कोपऱ्यात तीनचा आकडा दाखवतंय."