संख्येला भाग गेला

इरावतीने पाळणाघराच्या फाटकावर पुन्हा तळहात टेकवला. फाटक उघडलं नाही.

"ताई, तुमच्या संख्येला भाग गेलाय," मुलं सांभाळणाऱ्या सुगंधाबाई आतून दबक्या आवाजात म्हणाल्या.

जन्मल्यावर प्रत्येकाच्या तळहातात एक प्रचंड मोठी मूळ संख्या बसवली जाई. तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नसे, म्हणून ती फोडून कुणाला दुसऱ्याचं सोंग घेता येत नसे. इरावतीची संख्या मूळ आहे, हा जन्मावेळच्या चाचणीचा निकाल आज खोटा ठरला होता, आणि त्यामुळे ती आता तोतया ठरत होती.

"पण तुम्ही मला रोज बघता ना, बाई?"

"मी बघते हो. फाटक नाही ना बघत."

सुगंधाबाईंनी मागे वळून पाहिलं, स्वतःचा तळहात टेकवून फाटक उघडलं आणि लहानग्या चार्वीला इरावतीच्या कडेवर दिलं.

"मुलांच्या संख्या आईच्या संख्येवरूनच काढतात. हिचीही आता तपासतील. जा लवकर."

इरावती पोरीला घेऊन धावत सुटली. वळणावर चार्वीने पाणी मागितलं आणि रस्त्यालगतच्या नळाकडे हात पुढे केला. इरावतीने तो खसकन मागे ओढला. पाणी सोडण्याआधी नळही संख्या विचारत असे, आणि माणूस कुठे आहे ते तपासणाऱ्यांना कळवत असे.