दोघांना मारलेली हाक

विजयाबाई शाळेच्या ओट्यावर नलूशेजारी बसून होत्या. अर्धा तास झाला होता. दोघींच्या मांडीवर एकच फाटकं जाळं होतं.

नलू अकरा वर्षांची होती. सन चौसष्टच्या दिवाळीनंतर तिचा बाप जानू मुरब्याच्या किनाऱ्यावरून मासेमारीला गेला, आणि होडी तारापूरच्या खडकांपाशी उलटी सापडली. दोघा खलाशांची प्रेतं मिळाली. जानू मिळाला नाही. नलू रडली नाही. ती पाणी भरायची, मासळी वाळत घालायची, घंटेच्या आधी शाळेत यायची. फक्त हजेरीला ओ देत नव्हती.

कमलाकांत गुरुजी रोज तिचं नाव घेत आणि उत्तर आलं नाही की पुढे जात. एकदा चिडून त्यांनी तिच्या तळहातावर पट्टी मारली. तिने हात मागे घेतला नाही, डोळेही मिटले नाहीत. त्या दिवशी गुरुजींना जेवण गेलं नाही. संध्याकाळी त्यांनी पालघरला विजयाबाईंना पत्र लिहिलं. धक्का बसलेल्या मुलांशी कसं वागावं, हे बाई मुंबईत शिकून आल्या होत्या.

बाई दर गुरुवारी एसटीने सातपाटीला येत आणि होडीने खाडी ओलांडून मुरब्याला पोचत. पहिल्या गुरुवारी त्यांनी बरेच प्रश्न विचारले. नलू त्यांच्याकडे भिंतीकडे पाहावं तशी पाहत राहिली. दुसऱ्या गुरुवारपासून बाईंनी विचारणं सोडलं. मधल्या सुट्टीत नलू फाटकं जाळं विणत बसे, बाई तिच्याबरोबर गाठी मारत. त्यांच्या गाठी चुकत. नलू त्या मुकाट्याने सोडवून देई.

आजचा सहावा गुरुवार. घंटा झाली, तरी नलू उठली नाही. हातातल्या गाठीकडे बघत ती म्हणाली, “गुरुजी दोगांना हाक मारतात.”

बाईंना आधी कळलं नाही. मग त्यांनी हजेरीतलं नाव मनात म्हणून पाहिलं. नलू जानू तामोरे.

“आधी बापूस बोलंल, मंग मी,” नलू म्हणाली. “आयला सांगितलंय मी. ती सांगते, तो येल.”

येईल असंही बाई म्हणाल्या नाहीत, येणार नाही असंही नाही. तुला हवं तितकं थांब, एवढंच त्या म्हणाल्या.

बाईंनी हे गुरुजींना सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत बसले. उद्यापासून नुसतं नलू म्हणतो, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी त्यांना अडवलं. बापाचं नाव आपण गाळायचं नाही, त्या म्हणाल्या. पूर्ण नाव घ्या, मग टाक खाली ठेवा, आणि तिच्याकडे न बघता थांबा. त्या रात्री बाई गावातच राहिल्या.

शुक्रवारी गुरुजींनी पूर्ण नाव घेतलं आणि टाक खाली ठेवला. नलूने एकदा दाराकडे पाहिलं. बराच वेळ गेला.

“हजर,” ती म्हणाली.

तिचा चेहरा होता तसाच होता. गुरुजींनी टाक उचलला. तिच्या नावापुढे खूण केली.

शाळा सुटल्यावर बाई तिच्यासोबत घरी निघाल्या. नलूची आई, सोजराबाई, वाळूवर बोंबील वाळत घालत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात भरून हिरवा चुडा. चार महिन्यांत तिने त्यांना कोणाला हात लावू दिला नव्हता.

नलू तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आय, मी आज ओ दिली.”

सोजराबाईचे हात थांबले. तिने लेकीकडे पाहिलं, मग विजयाबाईंकडे, मग परत लेकीकडे.

“दोगांची?”

“नाय,” नलू म्हणाली. “माझीच.”