बदली बाईंचा सत्कार

"शुक्रवारी तुमचा सत्कार आहे. चांगली साडी नेसून या," मुख्याध्यापिका खानोलकर बाई म्हणाल्या, तेव्हा रुचिराने आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

अकरा वर्षं ती बदली बाई होती. कोणी बाळंतपणाला गेलं, कोणाचा पाय मोडला, की रुचिरा पेडणेकर हजर. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, सगळीकडे शिकवून झालं होतं. निघताना कोणी साधं 'येत जा' म्हटलं नव्हतं. स्टाफरूममध्ये खुर्ची रिकामी असेल तर बसायचं, नसेल तर खिडकीपाशी उभं राहायचं. आणि काही विचारायचं नाही. प्रश्न विचारणाऱ्या बदली बाईला शाळा पुन्हा बोलावत नाही, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

जोगेश्वरीच्या या शाळेत मात्र सगळं उलटंच होतं. अपूर्वा मॅडम अचानक लांबच्या रजेवर गेल्या, म्हणून चौदा जुलैला रुचिरा चौथी ब वर आली. आठवड्याच्या आत तिला स्वतःचं कपाट मिळालं, किल्लीसकट. वर्गाच्या दारावर तिचं नाव रंगवलं गेलं आणि त्याखाली 'वर्गशिक्षिका'. ती रोज आत जाताना ते नाव वाचायची. लाज वाटायची, तरी वाचायची.

एकदा खानोलकर बाईंनी तिला केबिनमध्ये बसवून चहा दिला. समोर नवं कोरं मस्टर होतं.

"जुन्यावर पाणी सांडलं हो. सगळ्यांच्याच सह्या परत घेतोय. तुम्ही असं करा, आठ तारखेपासूनच करा. जुलै भरलेला दिसला की तुम्हाला कायम करायचा विषय मला संस्थेपुढे काढता येईल."

कायम! रुचिराने कपबशी बाजूला ठेवली. तिने आठपासून सह्या केल्या. पाच सह्या जास्तीच्या, कोणाचं काय जातंय? आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. देव असा भेटला की त्याला उलट विचारू नये.

"एवढं गोड कोणी फुकट बोलत नाही गं," आई घरी म्हणाली.

"आई, तुला ना कोणाचं चांगलं बघवतच नाही!"

वर्ग मात्र चमत्कारिक होता. नऊ वर्षांची अडतीस मुलं आणि मधल्या सुट्टीतही आवाज नाही. बाहेरच्या गॅलरीला नवी लोखंडी जाळी बसवली होती. तिच्या रंगाचा वास वर्गात भरून राहायचा. खिडकीजवळच्या बाकावर कोणी बसत नव्हतं.

"इथे कोण बसतं रे?" तिने एकदा विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

शिपाई गुणाजीने सांगितलं, तेही इकडेतिकडे बघून. "सान्वी म्हणान चेडू होता. गॅलरीतसून खाली पडला. अजून डोळे उघडूक नाय."

"अगं बाई! एवढीशी मुलगी! आणि वर्गावर कोण होतं?"

"कोण नाय होता. अपूर्वा बाई संस्थेच्या सेक्रेटरींची सून, तेंका कोण इचारतला? तुम्ही येवच्या आदीची गोष्ट ही. तुमका काय तेचा?"

खरंच, आपल्याला काय त्याचं? रुचिराने मनातल्या मनात सान्वीसाठी हात जोडले आणि तो बाक तसाच ठेवला.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. स्टेजवर 'बदली शिक्षक कृतज्ञता दिन' असा बॅनर लावला होता. खानोलकर बाईंच्या शेजारी एक पाहुणे बसले होते. साधा पांढरा शर्ट, बारीक केस, पायात चकचकीत तपकिरी बूट. "हे चंद्रप्रकाश साहेब," एवढीच त्यांची ओळख करून दिली गेली.

शाल आली, श्रीफळ आलं. मग अडतीस मुलं रांगेने आली आणि एकेकाने हाताने केलेलं कार्ड तिच्या ओंजळीत ठेवलं. रुचिराचे डोळे भरून आले. अकरा वर्षांत हे पहिलंच कौतुक होतं. पहिल्या कार्डावर लिहिलं होतं, 'बाई, आठ जुलैपासून तुम्ही रोज आमच्या वर्गावर आहात. थँक्यू.' दुसऱ्यावरही तेच होतं. तिसऱ्यावरही.

"तारीख कोणी सांगितली रे तुम्हाला?" तिने समोरच्या मुलाला, केयूरला, हळूच विचारलं.

"मोठ्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलं. आम्ही उतरवलं."

तिला आपल्या पाच सह्या आठवल्या. बाई किती पक्क्या निघाल्या, शब्दाला जागल्या. आता आपणही जागायला हवं.

तिने माइक हातात घेतला. ती म्हणाली, "आठ जुलैपासून एकही दिवस मी या मुलांना सोडलं नाही. यापुढेही सोडणार नाही."

टाळ्या वाजल्या. समोरून दोन-तीन मोबाइल तिचं शूटिंग करत होते. मुलं मात्र टाळ्या वाजवत नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर खानोलकर बाई तिला केबिनमध्ये घेऊन गेल्या. चंद्रप्रकाश साहेब आधीच येऊन बसले होते. टेबलावर मस्टर उघडं होतं.

कायम करण्याची ऑर्डर! शिक्षण खात्याचेच असणार हे. रुचिराने पदराने डोळे पुसले, शाल सारखी केली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. खानोलकर बाईंनी तिच्या मांडीवरची कार्डं अलगद उचलून साहेबांपुढे ठेवली. तिच्याकडे न बघता त्या बाहेर गेल्या आणि दार लावून घेतलं.

साहेबांनी कार्डं एकेक करून वाचली. मग मस्टरवरच्या तिच्या सहीखाली बोट ठेवलं.

"बसा आरामात, घाई नाही. लेडी कॉन्स्टेबल येतायत. तोपर्यंत एवढंच सांगा बाई, दहा जुलैला सान्वी गॅलरीतून पडली, तेव्हा तुम्ही वर्ग सोडून कुठे गेला होतात?"