दोघांचं रक्त

टेलरमास्तरांनी रिपोर्टाची घडी घालून तो शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवला आणि रक्त घेण्याच्या खोलीत पाऊल टाकलं. समोरच्या खुर्चीत ड्रायव्हर बसलेला. ज्याला चुकवायला मागच्या जिन्यानं आले, नेमका तोच.

दोघांचा रोग एकच. किडनीचा कॅन्सर, फुप्फुसापर्यंत पोचलेला. नऊ महिने दर तिसऱ्या बुधवारी शेजारशेजारच्या खाटांवर एकाच औषधाची सलाईन, आणि ती संपेपर्यंत एकमेकांची टिंगल. आज सकाळी डॉक्टर मास्तरांना म्हणाले, गाठी निम्म्याहून कमी झाल्यात. ड्रायव्हरच्या मात्र वाढल्या, त्याचं औषध थांबवलं, हे त्याच्या बायकोकडून कळलं तेव्हा मास्तरांचा आनंद ओसरला. याच्या ताटातलं आपण ओढून खाल्लं, असं काहीतरी त्यांना वाटत होतं.

"तू इथे कसा? तुझं तर..."

"बंद झालं. म्हण की, जीभ का जड झाली?" ड्रायव्हरनं बाही वर सारली. "रक्ताची शेवटची नळी द्यायची राहिलीय."

रक्त घेणाऱ्या ताई नळीवर चिठ्ठी चिकटवत होत्या. "औषध कुणाला लागू पडेल हे रक्तावरून आधीच कळावं, म्हणून हा संशोधनाचा सगळा खटाटोप," त्या मास्तरांना म्हणाल्या. "पण गुण आलेले तेवढे हौसेनं येतात. ज्यांना गुण येत नाही ते पुन्हा इकडे फिरकत नाहीत. मी तरी कोणत्या तोंडानं बोलावू? हे काका आपणहून आले."

"नुसतं याचंच रक्त बघून काय कळणार?" ड्रायव्हर म्हणाला. "माझं शेजारी ठेवाल तेव्हा फरक दिसेल. आणि मास्तर, तो कागद काढ. हललास की वाजतोय."

मास्तरांनी तो काढून दिला. ड्रायव्हरनं चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "निम्म्याहून कमी. आणि हे माझ्यापासून लपवत होतास, लबाडा?" त्याचा चेहरा खुलला होता. मास्तरांनी त्यात हेवा शोधून पाहिला. तो नव्हता.

"माझंही फुकट नाही गेलं," ड्रायव्हर म्हणाला. "नऊ महिन्यांत नातीला सायकल शिकवून झाली."

ताईंनी दंडाला पट्टा बांधला, चापट्या मारल्या, बोटानं चाचपलं. शीर काही हाताला लागेना. दोनदा सुई टोचली, दोनदा रिकामी निघाली.

"हात अगदी गार पडलाय. राहू दे काका, किती टोचायचं तुम्हाला?"

"रिकामी नळी घेऊन काय करशील? टोच पुन्हा."

मास्तर स्टूल ओढून समोर बसले. त्यांनी तो गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागले.

"तुझे आभार कसे मानू रे?" ते म्हणाले.

"गप चोळ."

थोड्या वेळानं शीर वर आली. नळी गडद लाल भरली. सुई निघाली, कापूस लागला, ताई नळी घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मास्तर अजून हात चोळतच होते. ड्रायव्हरनं तो काढून घेतला नाही.