शेवटच्या आरतीपर्यंत

"मालतीआत्या, भांडाराची जोडणी तोडू का?" मंगळावरच्या वस्तीत यंत्र सांभाळणाऱ्या निळकंठाने विचारलं. दरीपल्याड आजारी धोंडोपंत कीर्तनासाठी ताटकळले होते, आणि दिवंगत बुवांच्या स्मृतीचं हे भांडार एका वेळी एकाच वस्तीला उघडत असे.

ऐकणाऱ्याने कीर्तनातलं एक वाक्य ऐकलं की भांडार बुवांच्या आवाजात पुढचं घडवी. शेवटचं ऐकलं की आपोआप मिटे. आज मात्र शिऱ्याचा वास सुटला आणि मंडळी आरतीआधीच उठून गेली. बुवा अर्ध्या आख्यानात थांबले होते.

"तोडलीस तर?"

"उरलेलं कीर्तन पुन्हा कधीच घडणार नाही."

"अरे, मग उठलो आम्ही आणि शिक्षा बुवांना?"

"पण पंतांचं काय?"

"त्यांना म्हणावं, दम धरा. बस इथे, टाळ घे!"

दोघांनीच आख्यान ऐकलं. मालतीआत्यांनी आरती खड्या आवाजात म्हटली. शेवटचा शब्द विरला आणि भांडार कुणी हात न लावता मिटलं.

क्षणभराने दरीपल्याडून पंतांचा थकलेला, पण हसरा आवाज आला, "बुवा, आम्ही बसलोय हो. होऊ द्या सुरू."