निरोगी माणूस हवा आहे

विद्यापीठातल्या रक्तदाबाच्या संशोधनात डॉक्टर फक्त तपासायचे. माणसं गोळा करायची, त्यांना फोन करायचे आणि रुसलेल्यांची समजूत काढायची, हे सगळं ऑफिसातल्या ताईंच्या गळ्यात. गट दोन, एक बीपीवाल्यांचा, एक निरोगी लोकांचा. दोन्हीत एकेक जागा काही केल्या भरेना, आणि मोठे डॉक्टर रोज दारातूनच विचारायचे, "मिळालं का कुणी?"

शेवटी ताई वैतागल्या. "निरोगी माणूस शोधायला बाहेर कशाला जायचं? मी काय मेलेय?" नवऱ्याच्या जेवणातलं मीठ त्यांनीच कमी केलं होतं, भावाला रोज चालायला त्यांनीच लावलं होतं. त्याचं थोडंफार पुण्य आपल्यालाही लागलंच असेल, अशी त्यांची खात्री होती. अर्धवट खाल्लेलं खारट वेफर्सचं पाकीट खणात सारून त्या ऐटीत नर्ससमोर बसल्या आणि बाही वर केली.

नर्सने मोजलं. मग दुसऱ्या हाताला मोजलं. मग शेजारच्या खोलीतलं मशीन आणून पुन्हा मोजलं.

"ताई, निरोगी गटात नाही बसत तुम्ही," ती हळूच म्हणाली. "आणि आता उठू नका. सरांना बोलावते."

मोठे डॉक्टर धावतच आले. "घाबरू नका हं, गोळी सुरू केली की येईल आटोक्यात."

ताईंचा चेहरा मात्र उजळला होता.


"ते बघू हो नंतर. सर, बीपीवाल्यांचा गट भरला!"