भालेरावांची परीक्षा

द्वारका चौकात रिक्षा अडकली आणि जयराम भालेरावांना घाम फुटला. उशिराची धास्ती नव्हती, हाताशी वेळ होता. पण शेजारी सिंधुबाई मांडीवर पर्स घेऊन निवांत बसल्या होत्या, आणि आजची परीक्षा तुझी आहे, हे त्यांनी बायकोला अजून सांगितलं नव्हतं.

सांगितलं होतं ते वेगळंच. परीक्षा जयरामरावांची, त्यांचा हात थरथरतो म्हणून लेखनिक हवा, आणि लेखनिक म्हणून सिंधुबाई.

हे सगळं सुरू झालं ते जयरामराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर. सारी हयात बॉयलरवर गेली होती. घरी बसल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसलं की बायको भाजी निवडतानाही काहीतरी वाचत असते. लग्न झालं तेव्हा सिंधुबाई कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होत्या. सासूला अर्धांगवायू झाला, कॉलेज सुटलं, ते सुटलंच. त्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. जयरामरावांना तेच जास्त लागायचं.

एका रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, उपासनेनंतर पाळकसाहेबांनी एका ख्रिस्ती महाविद्यालयाची माहिती दिली. घरबसल्या ईश्वरविज्ञानाची पदवी, वयाची अट नाही, शिक्षण अर्धवट सुटलेल्यांनाही प्रवेश. जयरामरावांनी त्याच दुपारी बायकोला विचारलं. या वयात शिकायला निघाले तर मंडळी हसतील, म्हणून सिंधुबाईंनी विषय मिटवला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

मग जयरामरावांनी डोकं चालवलं. महिला मंडळाच्या सहलीचा कागद आहे असं सांगून बायकोची सही घेतली, आणि घरात जाहीर केलं की आपणच आता पदवी करणार.

पुस्तकं आली, स्वाध्याय आले. उत्तरं बायकोच्या हातून लिहून घ्यायला काहीतरी निमित्त हवं होतं. आधी त्यांनी डोळ्यांना अंधुक दिसतं असं सांगून पाहिलं. सिंधुबाईंनी त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेलं, आणि डोळे ठणठणीत निघाले. म्हणून मग हात थरथरू लागला. त्यासाठी रोज थोडा चहा बशीत सांडावा लागे, आणि पेपरातलं शब्दकोडं सोडवायला न्हाव्याच्या दुकानात जावं लागे.

दुपारी जेवणं झाली की दोघं बसायची. सिंधुबाई धडा मोठ्यानं वाचायच्या. जयरामराव मुद्दाम अडायचे, कळलं नाही म्हणायचे. त्या समजावून सांगायच्या, आणि सांगता सांगता त्यांच्या आवाजातली कॉलेजातली मुलगी जागी व्हायची. तू सांगितलंस तसंच लिही, असं म्हणून जयरामराव मोकळं व्हायला बघत. पण त्या सोडायच्या नाहीत. अभ्यास तुमचा आहे, आधी तुमचं उत्तर सांगा, असा त्यांचा हट्ट.

एकदा क्षमेवर प्रश्न होता. जयरामरावांना काही सुचेना. शेवटी ते म्हणाले, "बॉयलर बंद केला म्हणून लगेच गार होत नाही. हात लावायची घाई केली तर भाजतं. क्षमेचं तसंच. विस्तव आपण विझवायचा, आणि निवायला वेळ द्यायचा."

सिंधुबाईंचा हात थांबला. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

जयरामराव ओशाळले. घरगुती प्रार्थनेतसुद्धा चार शिकलेली माणसं असली की त्यांची जीभ उचलायची नाही. हे खोडून टाक, बॉयलरचं कॉलेजला काय करायचंय, असं ते म्हणाले. सिंधुबाईंनी खोडलं नाही. हे कच्चं राहू दे, पक्कं मी नंतर लिहिते, एवढंच म्हणाल्या. कच्चे कागदही त्या टाकायच्या नाहीत, सवयच होती त्यांना.

कॉलेजचा सगळा पत्रव्यवहार पाळकसाहेबांच्या पत्त्यावर होता. सिंधुबाईंना छान गुण पडताहेत हे कळलं की जयरामराव देवळामागे उभे राहून डोळे पुसायचे. हे गुपित ठेवा, अशी गळ त्यांनी घातली तेव्हा पाळकसाहेब हसले. "भालेराव, तुमच्या घरातलं कुणाचंच गुपित मी कुणाला सांगत नाही."

रिक्षा एकदाची हलली.

शरणपूर रोडवरच्या ज्या शाळेत परीक्षा होती, तिथं दहा-बारा प्रौढ विद्यार्थी पुस्तकात डोकं घालून उभे होते. जयरामरावांनी बायकोला व्हरांड्याच्या कडेला नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सही, डोळे, हात, सगळं. आता ही पाठ फिरवून घरी निघणार, या भीतीनं त्यांना वर बघवेना.

सिंधुबाईंनी त्यांची कॉलर सारखी केली. "ठाऊक आहे मला. पहिल्याच महिन्यात कॉलेजचा फोन आला होता. तुम्ही न्हाव्याकडे होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"इतकं मन लावून चहा सांडत होतात. कशी बोलणार?"

जयरामरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते बाकावर बसले. तू निर्धास्त लिही, मी इथंच थांबतो, असं म्हणून त्यांनी तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली. आयुष्यात एक काम तरी बिनचूक केलं, असं त्यांना वाटलं.

पर्यवेक्षक योगिनी मॅडम दारात येऊन नावं पुकारू लागल्या.

"सिंधुबाई जयराम भालेराव."

"हजर," सिंधुबाई म्हणाल्या, पण आत गेल्या नाहीत. दाराशीच थांबल्या.

"जयराम सावळीराम भालेराव."

जयरामरावांनी चमकून वर पाहिलं. सिंधुबाई मागं वळल्या, बाकापाशी आल्या आणि नवऱ्याच्या हातातली बाटली काढून घेत म्हणाल्या, "उठा. तुमचे कच्चे कागद मी तुमच्या नावानं कॉलेजला पाठवत होते. तुमचा नंबर माझ्या मागच्या बाकावर आहे."